रॉक संगीताच्या पाच तबकड्या आणि एक रिकामी जागा

(नभोवाणीवरील भाषण)

रॉक संगीत हा शब्द उच्चारला की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते, आणि तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर 'ह्यांना त्यातले काय कळणार' अशी छटा उमटते. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते. हे संगीत परदेशचे, अशी दोघांचीही खात्री असते. वडील म्हणूनच त्याला नाके मुरडतात आणि मुले म्हणूनच त्यावर लुब्ध होतात. आजच्या भाषणात मला ह्या एकमतालाच थोडा धक्का द्यावयाचा आहे. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत आपल्या देशात रॉक संगीताच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांतील मला प्रिय असलेल्या पाच ध्वनिमुद्रिकांची शिफारस आपणांस करावी, आणि ती करताना त्या पाचांच्या शेजारी जी एक जागा मला रिकामी दिसते तिच्याविषयीही चार शब्द बोलावेत, असा माझा हेतू आहे.

मी सुरतेत राहणारा मराठी माणूस. सुरत म्हटले की मराठी श्रोत्यांना १६६४ आणि १६७० ह्या दोन सालांची आठवण होणारच. परंतु आज मला आठवण करून द्यावयाची आहे ती त्याही आधीच्या १६०८ सालची. त्या वर्षी विल्यम हॉकिन्स हा इंग्रज 'हेक्टर' नावाच्या जहाजातून ह्या बंदरात उतरला, आणि पुढे कित्येक वर्षे परदेशच्या नाना वस्तू ह्याच दारातून देशात येत राहिल्या. बाहेरून आलेली वस्तू घरची केव्हा होते, हा प्रश्न ह्या शहराला नवा नाही. संगीतातही तो नवा नाही. आपल्या कीर्तनात, भजनात आणि नाट्यसंगीतात जी पेटी वाजते ती मूळची फ्रान्समधील. १९४० साली आपल्या नभोवाणीने ती भारतीय संगीताला मानवत नाही म्हणून तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी तीस वर्षांच्या वर टिकली. त्या काळात गावोगावच्या देवळांतील एकाही भजनी मंडळाने पेटी बाजूला ठेवली असेल असे मला वाटत नाही. नियमाने ती परकी ठरली, पण लोकांनी तिला घरची केव्हाच करून टाकली होती. व्हायोलिनचीही तीच कथा आहे.

मग रॉक संगीतात असे काय आहे की जे आपल्या कानाला परके वाटावे? त्याचा उगम अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या 'ब्लूज' ह्या गीतप्रकारात आहे. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या माणसांनी आपल्या श्रमाच्या आणि दुःखाच्या लयीवर ही गीते रचली. पुढे त्यांना विजेवर चालणाऱ्या गिटारची साथ मिळाली, शहरांतील कारखान्यांचा वेग मिळाला, आणि १९५० नंतरच्या दशकात त्यांतून रॉक संगीत जन्मास आले. त्याची लय बहुधा चार मात्रांची असते आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ढोलाचा आघात पडतो. आठ मात्रांचा केरवा ज्याने लहानपणापासून ऐकला आहे त्याला ही लय समजण्यास फारसे सायास पडू नयेत. राहिला तो गिटारचा फाटल्यासारखा वाटणारा आवाज. ध्वनिवर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर राबविले की ध्वनिलहरींची टोके छाटली जातात, आणि मूळ स्वरात अनेक उपस्वर मिसळून तो दाट व खरखरीत होतो. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी जवारी काढतो, तिचाही हेतू स्वरात उपस्वरांची भर घालावी हाच असतो. जवारी मंद आणि ही गर्जना प्रचंड, हा भेद आहेच. परंतु कोरा स्वर माणसाच्या कानाला पुरत नाही, ही जाणीव दोन्हीकडे सारखी आहे.

आणखी एक उदाहरण अगदी रस्त्यावरचे देतो. गणपतीच्या मिरवणुकीत जी बॅन्जो पार्टी असते, तिच्यातील 'बॅन्जो' म्हणजे वास्तविक बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज जपानमधील ताइशोगोतो नावाचे वाद्य. आपल्या लोकांनी त्याला वीज जोडली, त्याच्या जोडीला ढोल-ताशे दिले, आणि विसर्जनाच्या दिवशी सारा रस्ता त्यावर नाचू लागला. विजेवर वाजणारी तार आणि तिच्यामागे दणाणणारा ताल ही जर रॉक संगीताची ओळख असेल, तर आपण ते कित्येक वर्षे आपल्याच गणपतीपुढे वाजवीत आलो आहोत.

असो. आता शिफारशीकडे वळतो. परंतु आधी माझी कसोटी सांगितली पाहिजे. 'अल्बम' हा शब्द मूळचा वहीसाठी आहे. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावत असे. म्हणून अशा पाच-सहा तबकड्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकीत आणि तिला अल्बम म्हणत. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी निघाली, आणि वीस-बावीस मिनिटांची एक बाजू सलग ऐकणे शक्य झाले. तेव्हापासून अल्बम ही गाण्यांची नुसती मोट राहिली नाही, तिला काव्यसंग्रहासारखे एकसंध रूप आले. म्हणून ज्या ध्वनिमुद्रिकेतील गाणी एकापाठोपाठ ऐकली असता एखादा प्रदेश, एखादा काळ किंवा एखादे मन आपल्यापुढे उभे राहते, तीच मी निवडली आहे. ती परदेशच्या अमुक वृंदासारखी वाजते की नाही हे मी पाहिलेले नाही. आपल्या घरचे असे तिने काय सांगितले, एवढेच पाहिले आहे.

ह्या कसोटीमुळे एक फार मोठे नाव माझ्या यादीतून गळते, आणि सुरतेहून बोलताना त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. सुरतेच्या दक्षिणेला वलसाड आहे; जुन्या काळी त्यास बुलसार म्हणत. तेथील एका पारशी कुटुंबाने आडनाव घेतले बुलसारा. त्या कुटुंबातील फारुख हा मुलगा १९४६ साली झांझिबार येथे जन्मला. १९५५ साली त्यास आपल्या पाचगणीच्या शाळेत पाठविण्यात आले, आणि तेथेच मित्रांसमवेत त्याने आपला पहिला वाद्यवृंद उभा केला. हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी ह्या नावाने साऱ्या जगाला ठाऊक झाला. मूळ दक्षिण गुजरातेतील आणि शाळा सातारा जिल्ह्यातील, असा हा गायक. परंतु त्याचे गाणे इंग्लंडचे होते. त्याची थोरवी मान्य करूनही त्याला मी आजच्या यादीत घेत नाही. जे येथे राहिले, येथल्या अडचणींत गायले, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

पहिली ध्वनिमुद्रिका 'शिमला बीट' ही. खरे म्हणजे ह्या दोन आहेत, १९७० सालची आणि १९७१ सालची. पण त्या जुळ्या बहिणी असल्याने मी त्यांस एकच गणतो. 'शिमला' ही एका तंबाखू कंपनीची सिगारेट. तिच्या जाहिरातीसाठी अखिल भारतीय स्पर्धा भरविण्यात आल्या, देशाच्या निरनिराळ्या भागांतील तरुणांचे वृंद त्यांत उतरले, आणि निवडक वृंदांची गाणी तबकडीवर निघाली. त्या काळी परदेशी वाद्ये मिळविणे अतिशय कठीण होते. आयातीवर निर्बंध होते, पैसा नव्हता, शिकविणारे नव्हते. पोरे नभोवाणीवर गाणे ऐकून कानाने सूर उचलीत आणि मिळेल त्या वाद्यावर ते बसवीत. ह्या गाण्यांत अनुकरण भरपूर आहे. शब्द इंग्रजी आहेत, उच्चारही इंग्रजासारखे करण्याची धडपड आहे. तरीही ही ध्वनिमुद्रिका मला प्रिय आहे. मूल प्रथम बोलू लागते तेव्हा ते घरातल्यांची नक्कलच करीत असते, आणि त्या बोबड्या बोलात जो उत्साह असतो तो पुढच्या शुद्ध बोलण्यात क्वचितच उरतो. पुढे युरोपातील एका कंपनीने ह्या दोन्ही तबकड्या पुन्हा काढल्या. आपल्या मुलांचा हा पहिला हुंकार जपण्याची बुद्धी परक्यांना आधी व्हावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरी ध्वनिमुद्रिका कलकत्त्याची. १९७५ च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांचे सोबती ह्यांनी 'मोहीनेर घोडागुली', म्हणजे मोहीनचे घोडे, ह्या नावाचा वृंद स्थापन केला. हे नाव जीवनानंद दास ह्यांच्या एका कवितेतून घेतलेले आहे. १९७७ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या लांबलचक बंगाली नावाचा अर्थ 'उद्विग्न पक्षिकुल आणि कलकत्त्याविषयी' असा काहीसा होतो. ह्या मंडळींनी एक धाडस केले. ते बंगालीत गायले. बाउलांचा सूर, पाश्चात्त्य गिटार आणि आधुनिक शहरातील माणसाची अस्वस्थता ह्यांची त्यांनी सांगड घातली. रवींद्रसंगीतावर वाढलेल्या त्या शहराने त्यांच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली. तीन ध्वनिमुद्रिका काढून हे घोडे पांगले. पुढे १९९५ साली गौतमबाबूंनी तरुण गायकांना हाताशी धरून एक नवी ध्वनिमुद्रिका संपादित केली, आणि वीस वर्षांपूर्वी ज्याची उपेक्षा झाली होती ते संगीत बंगालमधील तरुणांनी डोक्यावर घेतले. त्यातील एका गीताची चाल २००६ सालच्या 'गँगस्टर' ह्या हिंदी चित्रपटाच्या द्वारे साऱ्या देशाला परिचित झाली. गौतमबाबू मात्र १९९९ सालीच निवर्तले होते. बंगाली कळत नसले तरी ही तबकडी ऐकावी. मातृभाषेत गाणारा माणूस किती मोकळा श्वास घेतो, हे शब्दार्थ न समजताही कानाला जाणवते.

तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठी आपण आपल्या शेजारी गोव्यात येऊ. रेमो फर्नांडिस ह्यांचा जन्म १९५३ सालचा, पणजीचा, घर शिवोलीचे. मुंबईत वास्तुशास्त्र शिकून ते परत गोव्यात गेले आणि तेथेच राहिले. १९८४ साली त्यांनी 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत काढली. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभे राहण्याऐवजी त्यांनी घरीच ध्वनिमुद्रण केले, वाद्ये स्वतः वाजविली, आणि फिती स्वतःच दुकानोदुकानी नेऊन पोचविल्या. कॅसेट हे साधन तेव्हा नुकतेच घरोघर पोचू लागले होते. तबकडी छापावयास कारखाना लागे, फितीची प्रत मात्र लहानशा यंत्रावरही निघे. ह्या एका फरकाने कित्येक गायकांस स्वातंत्र्य मिळवून दिले. रेमोंची भाषा पुष्कळदा इंग्रजी आहे, परंतु तिच्यातून बोलतो तो गोवा. त्यांच्या त्या काळातील एका गीतात टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल ह्याला उद्देशून गोव्यातील दूरध्वनीच्या दुरवस्थेची जी थट्टा आहे, ती ऐकून ज्याने ज्याने सरकारी दूरध्वनीची वाट पाहिली आहे त्याला हसू आल्यावाचून राहणार नाही. आपल्या शाहिरांनी व सोंगाड्यांनी जे काम डफावर आणि ढोलकीवर केले, तेच येथे गिटारवर झाले आहे. भारत सरकारने २००७ साली त्यांस पद्मश्री देऊन गौरविले.

चौथी ध्वनिमुद्रिका मुंबईची, 'रॉक मशीन' ह्या वृंदाची. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यातील दोन नावे ऐकली तरी वृंद आपल्या शेजारपाजारचा असल्याची खूण पटते. १९८४ साली स्थापन झालेल्या ह्या वृंदाने महाविद्यालयांच्या मेळाव्यांत नाव कमावले. त्या वेळी श्रोत्यांची मागणी एकच असे : परदेशची अमुक प्रसिद्ध गाणी हुबेहूब वाजवा. जो जास्त हुबेहूब वाजवील तो मोठा. ह्या तरुणांनी १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि तिच्यात स्वतःची गाणी घातली. आज ह्याचे महत्त्व चटकन ध्यानात येणार नाही. परंतु टाळ्या मिळतील अशी खात्री असलेले उसने गाणे सोडून, टाळ्या मिळतील की नाही ह्याची शाश्वती नसलेले आपले गाणे हजारो श्रोत्यांपुढे उभे करणे, ह्याला छाती लागते. गीते इंग्रजीच आहेत. वादन अत्यंत सफाईदार आहे. पुढे १९९३ साली ह्या वृंदाने आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. यंत्राचे नाव टाकून सिंधू नदीचे नाव घ्यावेसे त्यांस वाटले, ह्यातच त्यांच्या मनाचा प्रवास दिसून येतो.

पाचवी ध्वनिमुद्रिका सर्वांत अलीकडची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी : दिल्लीच्या 'इंडियन ओशन' ह्या वृंदाची, २००० साली प्रसिद्ध झालेली 'कांदिसा'. सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबला आणि गायनास, राहुल राम बास गिटार व गायनास, आणि अमित किलम ढोलांवर, असा हा चौघांचा मेळ. ध्वनिमुद्रिकेत अवघी सात गीते आहेत. परंतु त्यांचा पल्ला पाहा. 'कांदिसा' ह्या शब्दाचा अर्थ 'पवित्र' असा आहे, आणि ते गीत केरळमधील ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन सीरियाई भाषेतील प्रार्थनेवरून घेतलेले आहे. दुसरे एक गीत गोरख पांडे ह्या कवीचे, भोजपुरी बोलीतले. आणि तिसरे 'मा रेवा', म्हणजे नर्मदामाईचे गीत.

ह्या तिसऱ्या गीतावर सुरतेतील श्रोत्याला थोडे थांबावे लागते. नर्मदा येथून दूर नाही. ती भरूचजवळ समुद्रास मिळते. राहुल राम ह्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली होती. ते परत येऊन नर्मदा बचाव आंदोलनात सामील झाले आणि तेथे नदीकाठी त्यांना हे लोकगीत मिळाले. सरदार सरोवरामुळे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील आदिवासींची गावेही पाण्याखाली गेली. गुजरातेत ज्यांच्या शेतात आणि घरात त्या धरणाचे पाणी आले, त्यांना आंदोलनाविषयी वेगळे वाटते, आणि त्यांचे वाटणेही समजून घेतले पाहिजे. परंतु गीत ह्या वादाच्या पलीकडचे आहे. ते नदीला आई म्हणणाऱ्यांचे आहे, आणि तिला आई म्हणणारे दोन्ही काठांवर आहेत. गिटार आणि तबला, बास आणि लोकगीताचा सूर ह्यांचे नाते ह्या ध्वनिमुद्रिकेत इतके एकजीव झाले आहे की कोणते देशी आणि कोणते विदेशी हा प्रश्नच ऐकणाऱ्याच्या मनात उठत नाही. असीम चक्रवर्ती २००९ साली कालवश झाले. त्यांचा आवाज ह्या तबकडीत आहे, तो अवश्य ऐकावा.

ह्या पाच ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. वाद्ये फारशी बदललेली नाहीत. तीच गिटार आहे, तेच ढोल आहेत. बदलले आहे ते बोलणे. प्रथम दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत. मग आपले बोलणे दुसऱ्याच्या भाषेत. आणि जेथे कळस झाला तेथे आपले बोलणे आपल्या लोकांच्या भाषेत. बंगाल्यांनी हे १९७७ सालीच साधले होते, आणि २००८ साली 'अवियल' ह्या वृंदाने मलयाळममध्येही ते मोठ्या ताकदीने करून दाखविले.

आणि मराठीत? येथे मी ती रिकामी जागा दाखवितो. मराठी माणूस ह्या क्षेत्रात नव्हता असे मुळीच नाही. नंदू भेंडे ह्यांचे नाव घ्यावे. आत्माराम आणि आशा भेंडे ह्या मराठी रंगभूमीवरील दांपत्याचे हे चिरंजीव. मुंबईतील अनेक रॉक वृंदांत ते गायले. १९७४ साली अलेक पदमसी ह्यांनी उभ्या केलेल्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' ह्या संगीत नाटकात त्यांनी ज्यूडासची भूमिका केली. आणि १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे ह्यांचे 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल ह्यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले, तेव्हा त्यातील अंकुश ह्या नायकाच्या भूमिकेत नंदू भेंडेच होते. एकाच नाटकात नाट्यसंगीताच्या वळणाची पदे, लावणी आणि त्यांच्या शेजारी पाश्चात्त्य ढंगाची मराठी गाणी, असा तो प्रयोग. मराठी शब्द ह्या लयीत सहज बसतात, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. भेंडे २०१४ साली वारले. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' ह्या वृंदाने संतांचे अभंग गिटार आणि ढोलांच्या साथीने तरुणांपुढे आणले आहेत, आणि त्या श्रोतृवर्गाने विठ्ठलाचा गजर करावा ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि अभंग हे आपल्या पूर्वजांचे बोलणे झाले. आजच्या मराठी तरुणाचे स्वतःचे बोलणे, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, अथपासून इतिपर्यंत एकसंध अशा एका ध्वनिमुद्रिकेत, 'कांदिसा'च्या शेजारी ठेवता येईल अशा तोलाचे, माझ्या संग्रहात अद्याप आलेले नाही. ती सहावी जागा मी त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे.

ती कोण भरील? मुंबई-पुण्याचा एखादा वृंद भरील, हे संभवते. परंतु सुरतेत राहून मला वेगळीच आशा वाटते. उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने जळगाव-धुळे-नंदुरबारकडचा माणूस येथे आला आणि यंत्रमागावर उभा राहिला. त्याचा मुलगा घरी अहिराणी बोलतो, शाळेत मराठी शिकतो, बाजारात गुजराती बोलतो आणि कारखान्यात हिंदी. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, ही मोठी सोय आहे. परंतु शाळा सुटल्यावर ह्या मुलाला स्वतःच्या भाषेत मन मोकळे करण्यास जागा कोठे आहे? चार भाषा बोलणाऱ्या मुलाची एकही भाषा मनातले सांगण्याइतकी खोल न जाण्याचा धोका असतो. स्थलांतर करून आलेल्या साऱ्याच कुटुंबांपुढे हा प्रश्न आहे, आणि तो गाण्याहून पुष्कळ मोठा आहे.

ह्याच खानदेशात बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसून, शेतात राबताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचीत गेल्या; १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या कविता पुस्तकरूपाने बाहेर आल्या तेव्हा महाराष्ट्र थक्क झाला. जात्याच्या घरघरीतून ओवी निघाली. कापसाच्या शेतातून ब्लूज निघाले. मुंबईच्या गिरणगावातून शाहिरांचे पोवाडे निघाले. श्रमाच्या लयीतून गाणे निघते, हा नियम जर सर्वत्र खरा ठरला आहे, तर रात्रंदिवस खटखटणाऱ्या मागांच्या ह्या शहरातून ते का निघू नये? मागाची लय रॉक संगीताच्या लयीहून संथ खासच नाही. त्या लयीत जो बारा बारा तास उभा असतो, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे कोण म्हणेल?

म्हणून श्रोतेहो, माझी शिफारस दुहेरी आहे. ह्या पाच ध्वनिमुद्रिका, किंवा त्यांपैकी ज्या मिळतील त्या, आपण ऐकाव्यात. आता बहुतेक संगीत मोबाईलवरही मिळते, त्यासाठी तबकडीचे यंत्रच हवे असे नाही. तुकड्यातुकड्याने ऐकू नये, एक ध्वनिमुद्रिका एका बैठकीत पुरी करावी. आरंभ 'कांदिसा'पासून करावा, कारण तेथे तबल्याचा हात धरून आत शिरता येते; मग रेमो, मग मोहीनचे घोडे, आणि कान तयार झाला की उरलेल्या दोन. आवाज बेताचा ठेवावा. रॉक मोठ्यानेच ऐकावे लागते हा गैरसमज आहे. कानाचे पडदे सर्वांचे सारखेच नाजूक असतात. शक्य असेल तर घरातील मुलांना जवळ बसवून ऐकावे, आणि त्यांनी आपल्या आवडीचे काही लावले तर तेही तितक्याच निमूटपणे ऐकून घ्यावे.

दुसरी शिफारस सुरतेतील, आणि सुरतेसारख्या परमुलखातील, मराठी मंडळांच्या चालकांना आहे. गणेशोत्सवात आपण नकला ठेवतो, भावगीते ठेवतो, चित्रपटातील गाण्यांचा वाद्यवृंद पैसे देऊन बोलावतो. त्या दहा दिवसांत एका संध्याकाळी अर्धा तास अशा मुलांसाठी राखून ठेवावा, जी स्वतः लिहिलेले गाणे मराठीत किंवा अहिराणीत म्हणण्यास तयार असतील. अट एवढीच, की गाणे उसने नको. पहिल्या वर्षी कदाचित एकच मुलगा पुढे येईल, त्याची गिटार बेसूर असेल, आणि पहिल्या रांगेतील काका-काकू एकमेकांकडे पाहतील. तरी त्याला पुरते गाऊ द्यावे, आणि खाली उतरल्यावर 'आवाज कमी का ठेवला नाहीस' असे विचारण्याआधी, 'बाळ, हे तू कशावर लिहिलेस' असे विचारावे. एवढे कोणी केले तरी माझ्या आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.